ॲप मागितलंय, पण फोन कुणाच्या हातात? – महिला शेतकऱ्यांचा प्रकल्प आणि माहिती तंत्रज्ञान

ओंजळ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस रोमात (नुसती वाचत) होते, आज गरज पडली म्हणून लिहिते आहे. मी ज्या संस्थेत आहे ती महिला शेतकऱ्यांचे गट बांधते. बियाणं एकत्र घेणं, बचत, थोडंफार प्रक्रियेचं काम असं चालतं. आता एका देणगीदाराने पुढच्या टप्प्याला पैसे द्यायची तयारी दाखवली आहे. अट एकच, प्रकल्पात 'माहिती तंत्रज्ञानाचा ठळक वापर' दिसला पाहिजे. त्यांच्या मनात एक ॲप आहे. हवामान, बाजारभाव, कीडरोगाचा सल्ला, योजनांची माहिती, सगळं एकाच ठिकाणी. आणि त्यांच्या कार्यालयात मोठ्या पडद्यावर हलते आलेख.

मला तंत्रज्ञानाचं वावडं नाही. पण स्मार्टफोन घरात असतो, बाईच्या हातात नसतो. दिवसा नवरा किंवा मुलगा घेऊन जातो. रात्री हाती लागतो तेव्हा चार्जिंग संपलेलं, नाहीतर डेटा.

असले प्रयोग जगात बरेच झालेत. त्यातलं काय उपयोगी पडलं, काय नाही? प्रस्ताव मलाच लिहायचाय. 'ॲप नको' म्हणून भागणार नाही, त्याऐवजी काय ते सांगावं लागेल.

तिफण | सोमवार, रात्री ९:५८

ॲप काढा, उद्घाटन करा, फोटो काढा. दोन वर्षांनी प्ले स्टोअरवर 'हे ॲप आता उपलब्ध नाही'. झाला की ठळक वापर!

(गंमत बाजूला. विषय चांगला आहे, जाणकारांच्या प्रतीक्षेत.)

खडूफळा | सोमवार, रात्री १०:३१

या विषयावरचे दोन अभ्यास मी कायम शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगतो.

पहिला अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा, २००७ साली प्रसिद्ध झालेला. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल पोचला. मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठे काय भाव आहे ते विचारायला लागले. त्याआधी एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकायची आणि थोड्याच अंतरावर टंचाई, असं चालायचं. ते थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. विकासक्षेत्रातल्या प्रत्येक सादरीकरणात ही गोष्ट असतेच.

दुसरा मार्सेल फॅफचॅम्प्स आणि बार्ट मिन्टन यांचा, २०१२ चा. महाराष्ट्रातली १०० गावं. त्यातल्या निवडक शेतकऱ्यांना वर्षभर 'रॉयटर्स मार्केट लाइट' या सेवेचे मोबाइल संदेश फुकट दिले. बाजारभाव, हवामान, पीकसल्ला, म्हणजे ओंजळताईंच्या ॲपमध्ये जे येणार तेच. मिळालेल्या भावात सरासरीने दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. ही गोष्ट मात्र सादरीकरणात नसते.

दोन्हीकडे माहिती तीच, भावाची. मग एकीकडे फळली आणि दुसरीकडे नाही, असं का?

कोरडवाहू | सोमवार, रात्री ११:०५

का ते मी सांगतो, शेतकरी आहे.

मासळी त्याच दिवशी विकावी लागते आणि बोट स्वतःच्या ताब्यात असते. भाव कळला की तोंड वळवायचं, संपलं. माझं तसं नाही. पेरणीच्या वेळी ज्याच्याकडून उचल घेतली, माल त्याच्याकडेच जातो. दुसरीकडे भाव जास्त आहे हे मला संदेशाशिवायही माहीत असतं. पण चार-सहा पोत्यांसाठी वेगळी गाडी करायची कुणी? भाडं वजा केलं की फरक गेला. माहितीची अडचण होती कुठे? अडचण पैशाची आणि वाहनाची होती.

ॲपच्या पैशात गोदामाचं भाडं बसत असेल किंवा गटाने मिळून गाडी करायची सोय होत असेल तर तो संदेश कामाचा. नुसता भाव कळला तर फक्त हळहळ वाढते.

संथवाहिनी | मंगळवार, सकाळी ७:२०

कोरडवाहूदादा, +१. त्यात आणखी एक घाला. विकायला जातो कोण? बाई पेरते, खुरपते, काढते, वाळवते आणि बाजारात माल घेऊन पुरुष जातो. भावाचा संदेश तिच्या फोनवर येऊन ती काय करणार?

आता फोनच्या मालकीबद्दल. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालात अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा आकडा आहे. पुरुषांच्या तुलनेत मोबाइल इंटरनेट वापरण्याची शक्यता स्त्रियांमध्ये १५ टक्क्यांनी कमी आणि दक्षिण आशियात ३१ टक्क्यांनी कमी. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरायचा मोबाइल आहे असं सांगणाऱ्या स्त्रिया ५४ टक्के निघाल्या. त्यात साधे फोनही आले. म्हणजे ॲप काढलं की फोन नसलेल्या आणि साधा फोन असलेल्या मिळून निम्म्याअधिक बायका दारातच अडल्या, आणि ज्या अडल्या त्याच बहुधा सगळ्यात गरीब.

म्हणून आवाजावर चालणारी सोय पाहा. इथिओपियात २०१४ पासून ८०२८ हा फुकट क्रमांक आहे. साध्या फोनवरून लावायचा, भाषा निवडायची आणि पीकसल्ला ऐकायचा. वाचता यायची गरज नाही, डेटा लागत नाही. गुजरातमध्ये 'आवाज ओटलो' त्याच्या पुढे गेलं. शेतकरी स्वतःचा प्रश्न आवाजात नोंदवतो, कृषितज्ज्ञ उत्तर देतो आणि इतरांचे प्रश्नही ऐकता येतात. शॉन कोल आणि निलेश फर्नांडो यांनी कापूस पिकवणाऱ्यांमध्ये त्याची तपासणी केली, तेव्हा लोक जास्त घातक कीटकनाशकांपासून दूर सरकलेले दिसले. दुकानदार सांगेल ते फवारायचं, याला पहिल्यांदा पर्याय मिळाला होता.

फोन करायची वेळ ठरवतानाही विचार करा. सल्ल्याचा फोन सकाळी दहाला आला तर ती शेतात आणि फोन तिसऱ्याच्याच खिशात. वेळ तिला विचारूनच ठरवायची.

गणकयंत्र | मंगळवार, दुपारी १२:४८

मी सॉफ्टवेअरवाला, शिव्या खायला तयार आहे. :)

ॲप सरसकट वाईट नसतं हो. ते कुणाच्या हातात द्यायचं हा प्रश्न आहे. शेतकरी बाईने ॲप उघडावं ही अपेक्षा सोडा आणि गटाच्या कार्यकर्तीला द्या. नेटवर्क नसताना चाललं पाहिजे, रेंजमध्ये आल्यावर आपोआप माहिती चढली पाहिजे. आणि एक अट पक्की घाला. ॲप आलं की कागदी वही बंद. दोन्हीकडे लिहायला लावलं की कार्यकर्ती दिवसा वही भरते आणि महिनाअखेरीला बसून ॲपमध्ये अंदाजाने आकडे टाकते. त्या अंदाजांचे आलेख देणगीदाराच्या पडद्यावर फार सुंदर दिसतात.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून सविस्तर लिहितो. बहुतेक प्रणालींमध्ये माणसाची ओळख मोबाइल क्रमांकावर बांधलेली असते. एक क्रमांक, एक माणूस. घरात एक फोन असला तर सासू, सून आणि जाऊ यांच्यातली एकच नोंदवली जाते. बाकीच्या दोघींना प्रणाली 'आधीच नोंद आहे' म्हणून परत पाठवते. मग कार्यकर्ती कुणाचातरी क्रमांक टाकून वेळ मारून नेते. ओटीपी जातो नवऱ्याला, अनुदानाचा संदेश जातो दिराला. हे कुणी मुद्दाम केलेलं नसतं. माहितीसाठ्याची रचना करणाऱ्याने प्रत्येकाकडे आपापला फोन असतो असं गृहीत धरलं, एवढंच. ओळख वेगळी ठेवा, क्रमांक वेगळा ठेवा. एका क्रमांकावर अनेक जणी चालल्या पाहिजेत आणि 'हा फोन कुणाचा' हा रकाना सक्तीचा हवा. पुरवठादाराशी करार करताना हे लिहून घ्या, नंतर बदलायला गेलात तर तो वेगळे पैसे मागेल.

ओंजळ | मंगळवार, दुपारी ३:१५

गणकयंत्र, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच आमची यादी उघडून पाहिली. एकेका क्रमांकासमोर तीन-तीन, चार-चार नावं आहेत. काही क्रमांक तर आमच्याच कार्यकर्तीचे. म्हणजे 'इतक्या महिलांपर्यंत पोचलो' म्हणून जो आकडा जातो, त्यातल्या किती जणींनी आवाज ऐकला कुणास ठाऊक.

व्हिडिओंचं काय? देणगीदाराला तेही आवडतात.

निवृत्तकृषी | मंगळवार, सायंकाळी ६:०२

कृषिविस्तारात हयात गेली, तेव्हा व्हिडिओवर मी बोलू शकतो.

आमच्या काळी माहितीपट असायचे. इस्त्रीचे कपडे घातलेला साहेब रोपासमोर उभा राहून भाषण देणार. लोक पाहायचे आणि उठून जायचे. 'डिजिटल ग्रीन'ने हे बदललं. २००६ च्या सुमारास बेंगळुरूमध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात तो प्रयोग म्हणून सुरू झाला आणि पुढे २००८ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. त्यांनी त्याच भागातल्या शेतकऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तो त्याच्या बोलीत, त्याच्याच शेतात करून दाखवणार. तो व्हिडिओ छोट्या प्रोजेक्टरवर गटाला दाखवायचा आणि गावातलीच एक व्यक्ती मध्येमध्ये थांबवून विचारणार, 'हे आपल्याकडे जमेल का? कुणी केलंय का?' पाहणारे शेतकरी आधी कॅमेऱ्यातला माणूस ओळखीचा आहे का ते बघतात, सल्ला नंतर. पण माझ्या मते खरी करामत त्या थांबवण्यात आहे. नुसते व्हिडिओ व्हॉट्सॲपवर ढकलले तर त्यांची किंमत सुप्रभातच्या फुलांइतकीच.

आता स्त्रियांबद्दल. युगांडात मका पिकवणाऱ्या जोडप्यांवर एक प्रयोग झाला. तोच सल्ल्याचा व्हिडिओ काही घरांत फक्त पुरुषाला दाखवला, काही घरांत फक्त बाईला, काहींत दोघांना एकत्र. बाईला दाखवला तिथे तिचं ज्ञान वाढलंच, शिवाय काय पेरायचं, कसं पेरायचं यात तिचा शब्दही वाढला. घरातल्या एकाला सांगितलं की दुसऱ्याला आपोआप कळतं, असं आमच्या खात्याने वर्षानुवर्षं धरून ठेवलं होतं. ते तसं झिरपत नाही.

सरळरेषा | मंगळवार, रात्री ८:३७

थोडा विरोधी सूर. प्रत्येक गोष्टीत स्त्री-पुरुष का आणायचं? कुटुंब एक, शेत एक, उत्पन्न एक. ज्याच्याकडे फोन आहे त्याला माहिती द्या, फायदा घराचाच. उगाच घरात दोन तट कशाला?

संथवाहिनी | मंगळवार, रात्री ९:११

सरळरेषा, शेत एक हे खरं, पण नाव कुणाचं? भारताच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहितीदारांमध्ये, म्हणजे जमीन कसणारा म्हणून नोंद असलेल्यांमध्ये, स्त्रिया जेमतेम १४ टक्के. ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत. नाव नाही म्हणजे शेतकरी म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणजे कर्ज नाही, नुकसानभरपाई नाही, आणि आता तर सगळ्या योजना त्याच नोंदीतून संगणकाने पात्र-अपात्र ठरवायला लागल्यात. पूर्वी एखादा भला अधिकारी 'शेत ही बाईच करते, मला माहीत आहे' म्हणून सही करायचा. संगणक सही करत नाही.

उलटंही होऊ शकतं. रवांडाने २००८ च्या सुमारास देशातली सगळी जमीन मोजून नोंदवायला घेतली. हवाई छायाचित्रं आणि गावातल्याच प्रशिक्षित तरुणांच्या मदतीने काही वर्षांत एक कोटीहून अधिक तुकड्यांची नोंद झाली आणि कायदेशीर विवाह असेल तर पती-पत्नी दोघांची नावं चढली. एवढं मोठं काम संगणकाशिवाय झालं नसतं. पण प्रायोगिक टप्प्याची तपासणी झाली तेव्हा दिसलं की विवाहाची कायदेशीर नोंद नसलेल्या बायकांचा हक्क होता त्यापेक्षाही कमकुवत झाला. अर्जावर त्यांच्यासाठी जागाच नव्हती. रकाना कुठला ठेवायचा हे ठरवणारा माणूसच, नकळत, जमीन कुणाची तेही ठरवत असतो.

सरळरेषा | मंगळवार, रात्री ९:४०

नावाचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी बायकांना वेगळं ॲप लागत नाही, माझं म्हणणं तेवढंच होतं.

तिफण | मंगळवार, रात्री ९:४४

इथे ॲप मागतंय कोण? देणगीदार सोडून. :D

खडूफळा | मंगळवार, रात्री १०:२०

पैशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते तंत्रज्ञानाने बायकांना सल्ल्यापेक्षा जास्त काही दिलं असेल तर ते स्वतःचं खातं.

केनियात एम-पेसा २००७ साली सुरू झालं. साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोय, शेतीशी थेट संबंध नाही. तव्नीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी २०१६ मध्ये काढलेला अंदाज असा, की त्यामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं दारिद्र्यातून वर आली आणि सुमारे १,८५,००० स्त्रिया पोटापुरत्या शेतीतून धंद्याकडे वळल्या. परिणाम बाई कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत जास्त.

मध्य प्रदेशातला प्रयोग तर थेट या धाग्यासाठीच झालाय असं वाटावं. रोजगार हमीची मजुरी घरातल्या पुरुषाच्या खात्यात न टाकता बाईच्या स्वतःच्या खात्यात टाकली आणि खातं कसं वापरायचं ते थोडंसं शिकवलं. दोन्ही मिळालेल्या बायका जास्त काम करायला लागल्या. नुसतं खातं उघडून दिलं तिथे तसं झालं नाही. खातं, त्यात येणारे पैसे आणि ते काढायची हिंमत, अशी तीन पावलं होती. प्रकल्प बहुतेकदा पहिल्यावरच फोटो काढून थांबतात.

कोरडवाहू | मंगळवार, रात्री १०:५२

हे पटलं. माझ्या घरात हवामानाचा अंदाज कुणाच्या फोनवर आला याने काही बिघडत नाही. पैसे कुणाच्या खात्यात आले याने बिघडतं. :)

अवांतर: आता सगळे एआयचं बोलतायत. फोनला विचारायचं आणि तो बोलून उत्तर देणार म्हणे. औषधाचं प्रमाण त्याने चुकीचं सांगितलं आणि पीक जळलं, तर मी भांडायला कुणाच्या दारात जायचं?

गणकयंत्र | मंगळवार, रात्री ११:१५

अवांतर नाही, मुद्द्याचं आहे. उत्तराखाली माणसाचं नाव असेल तरच औषधाचं प्रमाण सांगावं. यंत्राने प्रश्न लावून द्यावेत, एकसारखे प्रश्न एकत्र करावेत, बोलीतलं बोलणं लिहून काढावं. प्रमाण सांगायला माणूस.

निवृत्तकृषी | बुधवार, सकाळी ६:५०

रात्री धागा पुन्हा वाचला. आपण सगळे 'त्यांना काय सांगायचं' यावरच बोलतोय. माझ्या नोकरीत सांगणारे पुष्कळ होते. खत आलं का, मिळालं का, हे विचारणारा कुणी नव्हता.

तेलंगणात २०१८ मध्ये 'रयतू बंधू' या शेतकऱ्यांना पैशाची मदत देणाऱ्या सरकारी योजनेचे धनादेश वाटायचे होते. संशोधकांनी काही भागांतल्या अधिकाऱ्यांना आधीच कळवलं की शेतकऱ्यांना फोन करून 'धनादेश मिळाला का, कधी मिळाला' असं विचारलं जाणार आहे. एवढ्यानेच त्या भागांत वाटप जास्त वेळेवर झालं. खर्च नगण्य, फोन साधा, ॲप नाही. केनियातल्या ऊस उत्पादकांमध्येही असंच. त्यांना शेतीसल्ल्याचे संदेश पाठवले तर पहिल्या वेळी उत्पादन वाढलं, तोच प्रयोग पुन्हा केला तर काहीच नाही. पण खत वेळेवर आलं नाही तर कळवायला फोन क्रमांक दिला, तेव्हा पोचवण्यातली दिरंगाई कमी झाली.

ओंजळ, तुमच्या बायकांना वेळच्या वेळी पोचत नाही असं काय काय आहे? बियाणं, मजुरी, कर्जाचा हप्ता, पशुवैद्य? त्याची यादी करा आणि त्यांना फोन करून विचारा. हवामान त्या आभाळ बघून सांगतील.

गणकयंत्र | बुधवार, सकाळी ९:३३

निवृत्तकाकांना दंडवत. तांत्रिक बाजूने हे ॲपपेक्षा स्वस्त आहे. तीन खबरदाऱ्या मात्र हव्यात. तक्रारीचा आवाज नोंदवणार असाल तर तो कोण ऐकणार ते तिला आधी सांगा. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो गावातलाच असतो आणि कधीकधी घरातलाच. दुसरं, फोनचं बिल तिच्यावर पडू देऊ नका. मिस्ड कॉल घ्यायचा आणि आपण उलट फोन करायचा. तिसरं, प्रकल्प संपल्यावर क्रमांक कोण चालवणार ते आजच ठरवा. लोकांच्या डोक्यात बसलेला क्रमांक बंद पडला की पुढच्या संस्थेचाही फोन कुणी उचलत नाही.

वारणेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. १९९८ मध्ये सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या गावांत संगणक केंद्रं उभी राहिली, त्यांचा देशभर गाजावाजा झाला. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिलं तर केंद्रांचा वापर मुख्यतः ऊसतोडीची पाळी, वजन, खत, बिल यांसाठी चालला होता. मग तेवढंच काम मोबाइल संदेशावर करून पाहिलं आणि ते जमलं. लोकांना जागतिक माहितीमहाजाल नको होतं, आपल्या उसाचं वजन हवं होतं.

ओंजळ | बुधवार, रात्री १०:०५

मंडळी, आज गटाच्या बैठकीत विचारून आले. निवृत्तकाका म्हणाले तसंच झालं. हवामानाचा विषयही कुणी काढला नाही. बियाणं पेरणी उलटल्यावर येतं, मजुरी कुणाच्या खात्यात गेली ते कळत नाही आणि जनावर आजारी पडलं तर डॉक्टर फोन उचलत नाही. एकजण म्हणाली, "तुम्हीच फोन करत जा, आमचा तर घरातलेही उचलत नाहीत."

प्रस्ताव असा लिहिते आहे. मिस्ड कॉलचा एक क्रमांक. ठरलेल्या संध्याकाळी आमच्याकडून प्रत्येकीला फोन, 'काय पोचलं, काय नाही'. नोंदवही कार्यकर्तीच्या फोनवर, कागदी वही बंद. ओळख क्रमांकावर नाही. पहिल्या हंगामाआधी जिचं खातं नाही तिचं खातं आणि ते वापरायचं शिक्षण. व्हिडिओ थोडे, गटातल्याच बायकांचे आणि थांबवून दाखवायचे. देणगीदाराच्या पडद्यावर आलेख येईल, पण तो 'किती जणींपर्यंत पोचलो' याचा नसेल, 'किती तक्रारी सुटल्या आणि किती दिवसांत' याचा असेल. तो त्यांना आवडेल का, माहीत नाही. सुरुवातीला रेघ खालीच दिसणार.

कोरडवाहू | बुधवार, रात्री १०:३०

चांगलं आहे. उत्तर किती वेळात देणार, तेही लिहा.

ओंजळ | बुधवार, रात्री १०:३४

४८ तास लिहिलंय.

कोरडवाहू | बुधवार, रात्री १०:३६

जनावर ४८ तास थांबतं का?

ओंजळ | बुधवार, रात्री १०:५१

जनावरांसाठी त्याच दिवशी, बाकीच्यांना ४८. फोनवर आणखी एक माणूस लागेल. ॲपसाठी धरलेल्या रकमेतून त्याचा पगार काढते आहे. उद्या पाठवते.